बेअरिंग एक, कागद चाळीस

मी पवनचक्क्यांवर काम करायचे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतो. "एवढ्या उंच कशा हो चढायच्यात?" खरं सांगायचं तर हॅम्बर्गमधल्या सगळ्या नोकरीत मी मोजून तीनदा चढले, आणि तिसऱ्यांदा वर पोचल्यावर खाली बघितलंच नाही. माझं काम चढणाऱ्यांना वेळेवर चढवण्याचं. कुठली चक्की कधी थांबवायची, कुठला माणूस कुठल्या बोटीत बसवायचा आणि त्याला लागणारा बोल्ट त्याच्या आधी तिथे कसा पोचवायचा, हे मी बघायचे. हुद्द्याचं जर्मन नाव एवढं लांब होतं की माझ्या कार्डावर ते दोन ओळींत छापावं लागे.

सुरुवात मी साताऱ्याच्या पठारावरच्या चक्क्यांपासून केली. तिथे काही बिघडलं की जीप काढायची, पाना घ्यायचा आणि जायचं. समुद्रात तसं नसतं. लाटा ठराविक उंचीच्या वर गेल्या की बोट चक्कीला टेकत नाही. हिवाळ्यात आठ-आठ दिवस कुणी पाऊल ठेवू शकत नाही. मग मध्येच तीन-चार दिवस समुद्र शांत होतो. त्या दिवसांत माणूस, सामान आणि बोट ही तिन्ही एका जागी असली पाहिजेत. एक जरी चुकलं तरी बाकीची दोन फुकट. आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

माझ्याकडे ज्या चक्क्या होत्या त्यांतल्या बऱ्याच ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यासमोर होत्या. चक्क्या आमच्या कंपनीने बनवलेल्या, समुद्र त्यांचा. तिथल्या बंदरावरच्या तळाचा प्रमुख होता रॉन. रॉन मूळचा मच्छीमार. मासे कमी झाले, बोट विकली, मग पवनचक्क्यांना माणसं ने-आण करणाऱ्या बोटीवर तांडेल झाला आणि हळूहळू अख्खा तळच सांभाळायला लागला. आम्ही रोज सकाळी साडेसातला फोनवर बोलायचो. एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण त्याची गुडघेदुखी मला माहीत होती आणि माझ्या मुलीच्या परीक्षा त्याला.

आणि आमच्या बाजूला उवे. पात्याच्या मुळाशी दोन माणसं आडवी मावतील एवढं मोठं बेअरिंग असतं. त्याच्यामुळे पातं स्वतःभोवती वळतं. वारा बेताचा असला तर पातं वाऱ्याला सामोरं, वादळ आलं की अंग चोरून उभं. बेअरिंग अडकलं तर पातं वळणार नाही आणि वादळाचा सगळा मार चक्की अंगावर घेईल. ते बदलण्यात उवेचा हात धरणारा कुणी नव्हता. उवे आणि मी इतकी वर्षं शेजारच्या टेबलांवर बसूनही 'हेर ब्रांट' (म्हणजे ब्रांटसाहेब) आणि 'फ्राऊ' (म्हणजे बाई) म्हणत एकमेकांना 'झी', म्हणजे अहो-जाहोच करत होतो. त्याला मैत्री म्हणायची हे मला फार उशिरा कळलं.

त्या काळी ब्रिटनही युरोपीय संघात होतं. उवे सोमवारी सकाळी हत्यारांची पेटी गाडीत टाकायचा, समुद्राखालच्या बोगद्यातून किंवा बोटीने पलीकडे जायचा आणि मंगळवारी चक्कीवर असायचा. बेअरिंग ट्रकमधून जायचं. सोबत एक पानाचं चलन, त्यावर रॉनची सही, बस्स.

मग संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर त्यांच्याकडे मतदान झालं. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी फोन केला. नेहमीसारखा वारा विचारला, लाटा विचारल्या. रॉनने सांगितल्या. मग तो म्हणाला, "मीना, तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलंय."

मी म्हटलं, "बरं."

"रागावलीस?"

"रॉन, मी दुसऱ्याच देशाची. मी कशाला रागावू?"

"आमच्या बंदरात पूर्वी चालायला जागा नसायची एवढ्या बोटी होत्या," तो म्हणाला. "आज तीन आहेत. कुणीतरी कुठेतरी कागदावर ठरवतं आणि आमच्या बोटी भंगारात जातात. मला तो कागद नको होता."

मी वाद घातला नाही. मला तेव्हा वाटलं, सभ्यपणा म्हणतात तो हाच. आता वाटतं, मला जे माहीत होतं ते मी बोलायला हवं होतं.

प्रत्यक्ष बाहेर पडायला पुढे काही वर्षं गेली. तेव्हा पुष्कळ जण म्हणत होते की आता त्यांचं पवनऊर्जेचं धोरण बारगळणार. तसं झालं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. उलट तिथल्या सरकारांनी समुद्रातल्या चक्क्या आणखी वाढवायच्या ठरवल्या. इरादा पक्का होता. अडचण वेगळीच होती. इरादा त्यांच्या राजधानीत आणि नटबोल्ट आमच्या गोदामात, आणि मध्ये आता एक सरहद्द उभी राहिली होती.

समुद्राखालून जाणाऱ्या विजेच्या तारांचं घ्या. आधी दोन्ही काठांचा बाजार एकच असल्यासारखा चालायचा. जिकडे वीज महाग तिकडे ती आपोआप वाहायची. वेगळं झाल्यावर तारेवरची जागा वेगळी घ्यायची आणि वीज वेगळी, असं झालं. अंदाज चुकला की स्वस्ताईकडे वीज चाललीय, असा उलटा प्रकार दिसायचा. जोराचा वारा असताना रॉनला कधीकधी वरून निरोप यायचा की चक्क्या बंद ठेव. त्याला त्यांच्या देशातल्या तारा अपुऱ्या हेही मोठं कारण होतं, सगळा दोष वेगळं होण्यावर टाकणं बरोबर नाही. पण रॉनचा आवाज त्या दिवशी पडलेला असायचा. "एवढा वारा आणि आम्ही हात बांधून बसलोय," म्हणायचा. मच्छीमार माणूस, समोरून जाणारा माशांचा थवा जाळ्याविना बघायला लागल्यासारखं त्याला होत असणार.

यंत्र सुरक्षित आहे असं सांगणारा जो शिक्का त्यावर लावतात, त्याचीही अशीच गंमत. त्यांनी स्वतःचा वेगळा शिक्का काढायचं ठरवलं. आम्ही पाट्या बदलायची तयारी केली. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. शेवटी तुमचा जुना शिक्काही चालेल म्हणाले. आमच्या गोदामात नव्या पाट्यांचं एक खोकं बरीच वर्षं पडून होतं.

पण धक्का बसला तो उवे परत आला त्या दिवशी. बेअरिंगांच्या तपासणीला तो विमानाने गेला होता आणि दुपारी माझ्या टेबलासमोर उभा.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', तो म्हणाला. मी खुर्ची दिली.

तिकडच्या अधिकाऱ्याने त्याला विचारलं होतं, "कशासाठी आलात?" उवेने सांगितलं, "काम करायला." माणूस प्रामाणिक. खरं तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दुरुस्तीला आलाय, असं पत्र असलं की वेगळ्या परवान्याशिवाय जाता येत होतं. पण ते पत्र आमच्या ऑफिसने जुन्याच पद्धतीने चार ओळींत लिहिलेलं, त्यात कराराचा उल्लेख नाही. काम म्हणताय, तर कामाचा परवाना दाखवा. नाही? मग परत जा. हत्यारांच्या पेटीची यादी नव्हती, म्हणून पेटी तिकडेच अडकली.

"त्यांनी मला विचारलं, परतीचं तिकीट आहे का," उवे म्हणाला. "मला! मी कशाला तिथे राहीन?"

आता एक गोष्ट कबूल करते. त्या क्षणी मला आतून थोडं बरं वाटलं. आयुष्यभर मी प्रत्येक सरहद्दीवर परतीचं तिकीट दाखवत आले होते. बँकेचे कागद, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, सगळ्यांच्या तीन-तीन प्रती. उवेला अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, तू कोण, कशाला आलास. पण त्याचे हात बघितले आणि माझी मला लाज वाटली. ते मोठे, तेलाच्या रेषा न जाणारे हात मांडीवर नुसते पडले होते. मी कॉफी आणली आणि म्हटलं, "हेर ब्रांट, काळजी करू नका. याच्यात माझा हातखंडा आहे."

आणि खरंच, त्या दिवसापासून मी आमच्या विभागातली कागदांची वैद्य झाले. इंजिनिअरिंगच्या ज्ञानासाठी मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. उंचच्या उंच, चाळिशीतले जर्मन तंत्रज्ञ माझ्या टेबलाशी रांग लावायचे आणि मी त्यांना शिकवायचे: विचारलं तेवढंच सांगा, जास्त बोलू नका. हसा, पण फार नाही. पत्र वरच्या खिशात ठेवा. प्रत दुसऱ्या पिशवीत. रागावू तर अजिबात नका, समोरचा माणूसही नोकरीच करतोय. पुढच्या खेपेला उवे माझं दोन पानी पत्र घेऊन गेला, पेटीतल्या प्रत्येक पान्याच्या यादीसकट, आणि पोचल्यावर त्याने मला फोन केला. याआधी त्याने असा फोन कधी केला नव्हता. "फ्राऊ गोरपाडे, मी आत आहे," एवढंच म्हणाला. घोरपडे हे त्याच्या जिभेला कधी जमलं नाही.

कस्टम्सला जर्मनमध्ये 'त्सोल' म्हणतात. आमच्या घरी त्याचा 'झोल' झाला. "आई आज झोलवर बसलीय, बोलू नकोस," असं हे मुलीला सांगायचे, आणि ती जर्मनमधून मला विचारायची की अजून किती पानं राहिलीत.

इतकं सगळं येत असूनही जी चूक व्हायची ती झालीच, आणि ती माझ्याच हातून झाली.

शरद ऋतू संपत आला होता. रॉनच्या एका जुन्या चक्कीचं बेअरिंग गेलं. तीन पात्यांपैकी एक धड वळेना. समुद्रात पाय रोवून उभी राहणारी क्रेनची बोट मिळाली, हवामानखात्याने चार शांत दिवस सांगितले, उवेची माणसं पत्रं घेऊन पोचली. बेअरिंग हॅम्बर्गहून निघालं आणि पलीकडच्या बंदरात अडकलं. एका कागदावर वजन लाकडी पेटीसकट होतं, दुसऱ्यावर पेटी वगळून. दोन्ही आकडे खरे. पण दोन कागदांवर दोन वजनं म्हटल्यावर अधिकाऱ्याने माल बाजूला ठेवला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. दोन्ही कागद माझे होते. आदल्या आठवड्यात सात खेपा भरल्या होत्या आणि ही आठवी.

मी दुरुस्त कागद पाठवले. ते एकाने बघायचे, मग दुसऱ्याने. त्यात शांत समुद्राचे चारही दिवस गेले. क्रेनची बोट पुढच्या कामाला निघून गेली. आणि मग वादळाचा इशारा आला.

न वळणारं पातं तसंच सोडून चालणार नव्हतं. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हातपंपाने ते इंच-इंच फिरवायचं आणि जाडजूड खिळी घालून बंद करायचं, एवढाच उपाय उरला. रॉनच्या तुकडीतली जेस नावाची तंत्रज्ञ दोघांना घेऊन वर गेली. जेस तिशीची, त्याच गावातली, चार वर्षांच्या अनुभवाची. सकाळभर मी फोनपाशी बसून होते. अकरा वाजता रॉनचा फोन आला.

"पातं बंद झालंय. चक्की ठीक आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "जेसचा हात खिळीत सापडला. उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत. बाकी ठीक आहे."

मी म्हटलं, "रॉन, वजन माझं चुकलं होतं."

"मला माहीत आहे."

"माझ्यामुळे..."

"मीना, ती इथेच बसलीय. डाव्या हाताने चहा पितेय. तूच बोल तिच्याशी."

फोन जेसच्या हातात गेला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "बोटं जुळून येतील. पण मला एक सांगा. हे बेअरिंग बदलायला दरवेळी समुद्रापलीकडून माणूस का यावा लागतो? मला शिकवा. आणि ते कागदही कसे भरायचे ते शिकवा."

तिचं म्हणणं मी वरिष्ठांपर्यंत नेलं. सोपं नव्हतं. त्यांना शिकवलं की आमची माणसं कमी लागणार, हे मलाही दिसत होतं. उवे तर स्पष्टच म्हणाला, "मी शिकवलं तर मला कोण बोलावणार?"

मी म्हटलं, "हेर ब्रांट, तुम्ही दोन वर्षांत निवृत्त होताय. मग कुणालाच येत नसेल तर?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती: तिच्या हाताला मोजे कुठल्या मापाचे लागतात?

बोटं बरी झाल्यावर जेस आली. हॅम्बर्गबाहेर आमचा एक कारखान्याएवढा हॉल आहे, तिथे जमिनीवर ठेवलेल्या चक्कीच्या डोक्यावर शिकवतात. आता तिच्यासाठी कागद मी भरले, उलट्या दिशेने. उवेला इंग्रजी बेताचं, तिला जर्मन शून्य. पहिले दोन दिवस तो नुसता बोट दाखवायचा. तिसऱ्या दिवशी मी गेले तर दोघं बेअरिंगच्या काठावर बसून फ्रान्सब्रोटशेन, म्हणजे हॅम्बर्गचे दालचिनीचे गोड पाव, खात होती, आणि तिने बोल्ट आवळण्याचा क्रम बरोबर सांगितला की उवे "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मांडीवर थाप मारत होता. सहाव्या दिवशी ती स्वतःच "गेनाऊ" म्हणायला लागली. जाताना उवेने तिला 'डू', म्हणजे अगं-तुगं केलं. माझ्याशी आजतागायत केलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या चक्कीचं बेअरिंग जेसच्या तुकडीने बदललं. आमचा एकही माणूस तिथे नव्हता. नंतर त्यांच्या बंदरात प्रशिक्षणाची शाळाच निघाली. आपल्या चक्क्यांवर आपलेच लोक हवेत असं त्यांच्या धोरणाने ठरवलं आणि ते निभावलं. वेगळं होण्याचं हे फळ चांगलं निघालं, हे मान्य करायला मला जड जात नाही. जड गेलं ते दुसरं. आमची प्रवासाला जाणारी तुकडी निम्म्यावर आली, आणि कुणाला कुठे हलवायचं याची यादी माझ्याचकडून मागितली गेली. त्यातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी निवृत्त झाले त्याच्या आधीच्या वर्षी रॉन झाला होता. या वसंतात तो बायकोला घेऊन हॅम्बर्गला आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. स्टेशनवर मी त्याला चेहऱ्याने ओळखलं नाही, आवाजाने ओळखलं. त्याने कुणालातरी वाट विचारली आणि मी वळले.

आम्ही बंदराच्या फेरीबोटीने फिरलो. पाऊस होता, तो त्याला घरच्यासारखा वाटला. दुपारी घरी आलो. त्याची बायको आणि हे स्वयंपाकघरात साबुदाणा वड्यांवरून काहीतरी चर्चा करत होते. रॉन खिडकीपाशी बसला होता. एकदम म्हणाला, "तू जे कागद भरायचीस, ते मी कधी पाहिलेच नाहीत. माझ्याकडे शेवटचं पान यायचं, मी सही करायचो."

कंपनीचे कागद घरी आणायचे नसतात. पण नव्या लोकांना शिकवण्यासाठी मी एक नमुना संच तयार केला होता, खोट्या कंपनीच्या नावाने. तो मी कपाटातून काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. चाळीस पानं.

त्याने चष्मा लावला. मला वाटलं चाळेल. तो वाचायला लागला. माल कुठला, त्यातलं पोलाद कुठलं, पेटीचं लाकूड कीडमुक्त केलंय का, वजन पेटीसकट, वजन पेटीवेगळं, जाणार का राहणार, राहणार तर किती दिवस. बोट ओळीखालून सरकत होतं. मध्येच तो मागे जाऊन पुन्हा वाचत होता. वडे झाले, गार झाले. त्याच्या बायकोने एकदा हाक मारली, त्याने हात वर केला. तासाभराने त्याने शेवटचं पान उलटं ठेवलं.

"हे सगळं एका बेअरिंगला?"

"एका बेअरिंगला."

"आणि तू दर आठवड्याला..."

"सात-आठ वेळा."

तो म्हणाला, "मी एका कागदाला कंटाळून मत दिलं होतं, मीना. तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, मी परकी."

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"मीही सांगायला हवं होतं."

स्वयंपाकघरातून पुन्हा हाक आली. रॉन उठला, चाळीसही पानं टेबलावर ठोकून सारखी केली, आणि जरा अवघडून म्हणाला, "ही प्रत मी नेऊ का? बंदरावर माझ्यासारखंच मत दिलेले अजून चारपाच जण आहेत. त्यांनाही वाचायला देतो."

मी त्याला एक मोठा लिफाफा आणून दिला.